शालिकराम मिस्त्रीचं नाक

आमच्या गड्डीगोदामच्या रस्त्यावर तेव्हा चार गॅरेजं होती आणि त्यातल्या तीन मिस्त्र्यांना गाडीतलं सगळं येत होतं. निदान त्यांच्या पाट्यांवर तसं लिहिलेलं होतं. पाट्या मीच रंगवल्या होत्या, म्हणून खात्रीने सांगतो. मी बाबाराव पेंटर. गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवणं हा माझा धंदा, आणि माझं दुकान शालिकराम भोयरच्या गॅरेजला भिंतीला भिंत लागून. त्यामुळे शालिकरामच्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी मला त्याच्या आधी कळत.

शालिकरामच्या पाटीवर मात्र 'कारबुरेटर' एवढा एकच शब्द होता. बाकीची कामं तो कमी दर्जाची समजे. ब्रेक लागत नाही म्हणून कोणी आलं, तर तो त्या माणसाकडे अशा नजरेने पाही की जणू देवळात कोणी चपलांचा भाव विचारला.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं. पेट्रोल जास्त झालं की गाडी धूर ओकते, हवा जास्त झाली की खोकते. दोन्हींच्या मधे एक जागा असते, तिथे ती सुखाने चालते. ती जागा शोधायला बाकीचे मिस्त्री इंजिनाला कान लावत, प्लग काढून त्याचा रंग पाहत, आणि तरीही चुकत. शालिकराम असल्या भानगडीत पडत नसे. गाडी सुरू ठेवून तो मागे जाई, धोतर सावरावं तशी पँट गुडघ्यापाशी ओढून उकिडवा बसे, सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर अंतरावर नाक नेई आणि डोळे मिटे. गाडीचा मालक, मग तो डॉक्टर असो की वकील, श्वास रोखून उभा राही. पाव मिनिटाने शालिकराम डोळे उघडून म्हणे, "जराशिक जास्त हाय." मग पुढे जाऊन पाना फिरवी. परत मागे. परत नाक. "आता बरोबर."

झालं. आता बरोबर म्हणजे बरोबर. ब्रह्मदेव आला तरी त्या सेटिंगला हात लावायची त्याची टाप नव्हती.

शालिकराम मूळचा कुहीकडचा. घरी धानाची शेती, भाऊ तिघे, वाटणीत याच्या वाट्याला बांध जास्त आणि जमीन कमी आली. एकोणीसशे पन्नासच्या आसपास तो नागपूरला आला, सदरमधल्या एका उस्तादाकडे आठ वर्षं राबला आणि अठ्ठावन्न साली त्याने आमच्या शेजारी गॅरेज उघडलं. नाकाची कीर्ती कशी सुरू झाली हे मला माहीत नाही. पण ती पसरवण्यात माझा हात होता हे कबूल करतो. नंबर प्लेट रंगवायला आलेल्या माणसाशी बोलायला काहीतरी लागतंच.

त्याची बायको गोपिका. राहायला मंगळवारी नावाच्या बाजाराच्या मागे. रोज एक वाजता ती जेवणाचा डबा घेऊन यायची, गॅरेजच्या दारातल्या बाकावर टेकायची आणि शालिकराम जेवेपर्यंत रस्ता पाहत बसायची. नवऱ्याच्या नाकाबद्दल तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "नाक मोठं हाय, ते दिसूनच राह्यलं. बाकीचं मले नोका विचारू."

मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक करायला लाजते. बायकांच्या बोलण्याचा अर्थ लावण्यात मी नेहमीच हुशार होतो.

शालिकरामच्या गिऱ्हाइकांमध्ये सर्वांत लाडकी गाडी होती भैयाजींची मॉरिस. भैयाजी इतवारीतले मिरचीचे व्यापारी. बावन्न सालची ती गाडी त्यांच्या वडिलांनी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका रेल्वे गार्डाकडून घेतली होती. मूळचा रंग राखी. भैयाजींनी तो बदलून लाल करून घेतला, भिवापुरी मिरचीसारखा. नुसता रंगच नाही, गाडीत मिरचीची पोतीही फिरत. ती सुरू झाली की शालिकराम आधी सहा वेळा शिंकायचा आणि मग नाक लावायचा. भैयाजी अभिमानाने सांगत, "मिरचीच्या खकाण्यातून पेट्रोल हुंगते, असा मानूस दाखवा मले!"

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात भैयाजींची मुलगी चारुशीला आणि जावई ओमप्रकाश अमेरिकेहून आले. ओमप्रकाश तिकडे एका मोटार कारखान्यात गाड्यांचा धूर तपासायचं काम करत होता. माणूस सरळ, अंगाने लहान, अंगात खूप खिशांचं जाकीट, आणि पाणी फक्त उकळलेलं. एरवी त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. पण तो जावई होता. आमच्याकडे जावयाला विरोध करायची पद्धत नाही. सूर्य पश्चिमेला उगवतो असं जावई म्हणाला, तर सासरा त्या बाजूची भिंत पाडून खिडकी करून घेतो आणि सकाळी तिथे लोटा घेऊन उभा राहतो.

ओमप्रकाशने येताना मोज्यांत गुंडाळून एक वस्तू आणली होती. दिसायला प्लगसारखी, शेपटीला एक वायर. मुंबईच्या विमानतळावर विचारलं तेव्हा त्याने "प्लग आहे" म्हणून सांगितलं होतं. भैयाजी मॉरिस घेऊन गॅरेजला आले, सोबत जावई आणि लेक. सगळ्यांसाठी चहा आला. मीही ब्रश धुवायच्या निमित्ताने तिथे जाऊन उभा राहिलो.

"मिस्त्रीजी, तुम्ही म्हणे वासावरून सेटिंग करता?" ओमप्रकाशने विचारलं.

"हव. वासावरूनच."

"छान. पण वासाला आकडा नसतो."

"आकडा तं नाई," शालिकराम म्हणाला. "पण गाडी चालते."

"किती चालते?"

"घरापर्यंत."

ओमप्रकाशने खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. मग ती वस्तू दाखवून समजावलं. हा सेन्सर. धुराच्या नळीत बसवायचा. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला, ते हा सांगतो. उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं, उरला नसेल तर पेट्रोल जास्त झालं. वायरीला जोडलेल्या मीटरवर आकडा अर्ध्याच्या वर गेला की पेट्रोल जास्त; खाली आला की हवा जास्त. अर्ध्याच्या आसपास नाचला की बरोबर.

"म्हणजे हे बी नाकच हाय," शालिकराम म्हणाला.

"हो, पण याला सर्दी होत नाही," ओमप्रकाश म्हणाला, आणि भैयाजी इतके मोठ्याने हसले की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. जावयाच्या विनोदाला हसण्याचं माप वेगळं असतं.

सेन्सर बसवायला धुराच्या नळीला भोक पाडावं लागणार होतं. लेकीचे कान टोचतानाही ज्या भैयाजींनी डोळे मिटले नव्हते, त्यांनी इथे मिटले. भोक पडलं. पण त्या भोकाला सेन्सरच्या मापाचे आटे हवेत, ते आणायचे कुठून? ओमप्रकाश म्हणाला, तिकडून पत्राने मागवावे लागतील. शालिकरामने सेन्सर हातात घेतला, आट्यांवरून नख फिरवलं आणि आत गेला. भंगारात पडलेल्या एका जुन्या ट्रकच्या इंजिनातून प्लग बसायची जागा कापून घेऊन आला. सेन्सर त्यात असा फिरत गेला, जसा काही तिथलाच होता.

"जुन्या काळचे जाड प्लग याच मापाचे राहत," शालिकराम म्हणाला.

ओमप्रकाश खरोखर चकित झाला. त्याने तेही वहीत लिहिलं. मला तेव्हाच त्या माणसाबद्दल थोडं बरं वाटलं होतं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही.

गाडी सुरू झाली, नळी तापली, मीटरवर आकडे उमटले. शून्य दशांश एक. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. शालिकराम गाडीच्या मागे बसून नाक लावून म्हणाला, "बरोबर हाय हे. हात नोका लावू." पण आता आकडा आला होता. आकड्यापुढे नाकाची काय पत्रास?

त्या कार्बोरेटरच्या खाली एक सहा बाजूंचा नट असतो. तो खाली फिरवला की पेट्रोल वाढतं, वर नेला की कमी होतं. ओमप्रकाशने एक बाजू फिरवायला सांगितली. आकडा तोच. आणखी एक. तोच. असं करत करत सात बाजू झाल्या. इंजिन लंगडत चालायला लागलं आणि मागून असा काळा भपकारा निघाला की एका रिटायर जज्जसाहेबांच्या, मी नुकत्याच रंगवलेल्या प्लेटवरचे पांढरे आकडे आधी करडे झाले आणि मग वाचता येईनात.

"जवाईबापू," शालिकराम मधेच म्हणाला, "इंजिनाजवळ नळीच्या जोडावर फुसफुस होऊन राह्यली. ते आधी पाहा."

"तो वेगळा विषय आहे, मिस्त्रीजी."

"शालिक," भैयाजी म्हणाले, "जवाईबापू अमेरिकेत हेच काम करते. रोज करते."

गिऱ्हाइकाच्या जावयापुढे मिस्त्रीने गप्प बसावं, हे शालिकरामला उस्तादाने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

त्या रविवारी सगळे रामटेकला निघाले. देवदर्शन हे निमित्त. खरं म्हणजे भैयाजींना अमेरिकन सेटिंगची गाडी चार लोकांना दाखवायची होती. पुढे भैयाजी आणि मांडीवर मीटर घेतलेला ओमप्रकाश. मागे भैयाजींच्या पत्नी सुभद्राबाई, चारुशीला आणि त्या दोघींच्या बाजूला, दाराला चिकटून, शालिकराम. त्याला 'असू द्या बरोबर' म्हणून घेतलं होतं. पुढचं सगळं मला त्याने सोमवारी सांगितलं, आणि चारुशीलाने नंतर त्यातलं अर्धं दुरुस्त केलं.

कामठीतच एका सायकलवाल्याने जवळ येऊन विचारलं, "गाडीले आग लागली काय गा?" भैयाजी म्हणाले, "नाई, नवी सेटिंग हाय." ओमप्रकाश दर दोन मैलांनी आकडा मोठ्याने वाचत होता. मनसरच्या फाट्यापर्यंत गाडीने कसाबसा दम धरला. रामटेकच्या चढावर मात्र दुसऱ्या वळणावर तिने तीन ढेकर दिले आणि ती बसली.

रामटेकची वानरं यात्रेकरूंना ओळखून असतात. त्यातलं एक थोराड वानर गरम बॉनेटवर येऊन ऐसपैस टेकलं. थंडीचे दिवस होते. दुसऱ्याने खिडकीतून सुभद्राबाईंच्या पूजेच्या ताटातली केळी उचलली. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने बाजूने जाताना विचारलं, "धक्का देऊ काय?" आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढे गेला. बैलगाडी त्यांना मागे टाकून गेली हे भैयाजींच्या फार मनाला लागलं.

"देवाच्या दारात आणून तोंड काळं केलं या गाडीनं," सुभद्राबाई म्हणाल्या. धुराने पदर खरोखरच काळा झाला होता.

तेव्हा चारुशीला खाली उतरली. ती नागपूरलाच भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली होती, ही गोष्ट लग्नानंतर सगळेच विसरले होते, कदाचित तीही. तिने शालिकरामला विचारलं, "मिस्त्रीकाका, तुम्ही त्या दिवशी कशाची फुसफुस म्हणत होतात?"

शालिकरामने खिशातून हातभर रबरी नळी काढली. काळे पडलेले प्लग काढून पुसले, गाडी कशीबशी सुरू केली, नळीचं एक टोक कानात घातलं आणि दुसरं इंजिनाजवळच्या जोडावरून हळूहळू फिरवलं. मग नळी चारुशीलाकडे दिली. "आयका."

तिने ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, या जोडाला हवाबंद ठेवणारा गॅसकेट फुटलाय. धूर इथून बाहेर येतो, आणि धुराच्या दोन झटक्यांच्या मधल्या क्षणाला बाहेरची हवा आत ओढली जाते. तुमचा सेन्सर खोटं बोलत नाहीये. पण तो रामटेकची हवा मोजतोय. त्याला प्राणवायू दिसणारच!"

ओमप्रकाश वाकला, नळी कानाला लावली, आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने वही काढली आणि तिथेच, वानराच्या शेजारी उभं राहून, सगळं लिहून घेतलं. चूक झाल्यावर वही काढणारा माणूस मी आयुष्यात तोच एक ऐकला.

भैयाजी मात्र टाळी वाजवून म्हणाले, "पाहा! शेवटी जवाईबापूनं शोधूनच काढलं!"

शालिकरामने मोजून सात बाजू नट परत फिरवला. गाडी वर गेली, दर्शन झालं, संध्याकाळच्या आत सगळे घरी आले.

सोमवारपासून गड्डीगोदाममध्ये शालिकरामचा काळ आला. तो आधीच नाकाने कांदे सोलणारा. आता तर त्याने कांद्याची वखार उघडली. "अमेरिकेचं नाक रामटेकले बसलं" हे वाक्य मी तयार केलं आणि त्याने ते वापरलं. दुसऱ्या गॅरेजचे मिस्त्रीही चहाला येऊन ऐकून गेले. बुधवारपर्यंत कथेत वानरांची संख्या चाळीस झाली होती.

बुधवारी भैयाजी, जावई आणि लेक परत आले. शालिकरामने पितळी पत्र्याचा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा नवा गॅसकेट हाताने कापून बसवून ठेवला होता. फुसफुस बंद. ओमप्रकाश म्हणाला, "मिस्त्रीजी, आता तुमचीच सेटिंग राहू द्या. फक्त आकडा पाहू."

"पाहा ना," शालिकराम उदारपणे म्हणाला.

गाडी सुरू झाली. मीटरवर आकडा चढला आणि शून्य दशांश नऊवर जाऊन बसला. हलेना. म्हणजे पेट्रोल जास्त. थोडंथोडकं नाही, चांगलंच जास्त.

शालिकराम हसला. मागे गेला, पँट ओढून बसला, नाक लावलं, डोळे मिटले. पाव मिनिट. "एकदम बरोबर हाय. तुमचं यंत्र बिघडलं."

चारुशीला त्याच्या मागेच उभी होती. तिने रुमाल डोळ्यांना लावला होता. "काका, डोळे झोंबून राहिले माझे," अमेरिकेत तीन वर्षं सांभाळून ठेवलेली नागपुरी तिच्या तोंडून निसटली. "कच्च्या पेट्रोलचा एवढा वास येतो. तुम्हाला नाही येत?"

"हे पेट्रोल नोय. गरम तेलाचा वास हाय."

एक वाजला होता. गोपिका डबा घेऊन बाकावर बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "त्यायले वास येत नाई, बाई. दोन वर्सं झाले, तीनही झाले असन. मागच्या पोळ्याले स्टोव्हचं रॉकेल भाजीत पडलं होतं. आम्ही कोणी खाल्ली नाई. ह्यायनं दोनदा घेतली."

इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं रोज सायलेन्सरला नाक लावल्यावर नाकात काय उरणार होतं? पण हा विचार आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता. वास जसजसा कमी येत गेला, तसतसा तो नकळत पेट्रोल वाढवत गेला. पूर्वी येत होता तेवढा वास यावा म्हणून. नागपुरातल्या निम्म्या जुन्या गाड्या त्यामुळे दोन-तीन वर्षं धूर सोडत होत्या, आणि मालक तो धूर अभिमानाने दाखवत होते.

शालिकराम उठला. चारुशीलाने सांगितलं तसा नट वर फिरवू लागला. एक बाजू. दोन. तिसऱ्या बाजूला आकडा घसरून अर्ध्याच्या आसपास नाचायला लागला आणि मॉरिसचा आवाज बदलला. तो फरक मलासुद्धा कळला, आणि मी रंगवाला माणूस. शालिकरामचे कान शाबूत होते. तो त्या आवाजाकडे पाहत उभा राहिला. आवाजाकडे पाहता येत नाही हे मला माहीत आहे. पण तो पाहत होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद. तिसऱ्या दिवशीही. कुहीला भावाकडे धानाच्या मळणीला गेला असं गोपिकाने सांगितलं. वीस वर्षांत तो मळणीला गेला नव्हता. भावांनाही त्याची गरज असेल असं वाटत नाही.

शालिकराम परत आला त्या दिवशी ओमप्रकाश एकटाच आला, रिक्षाने. परवा त्यांचं विमान होतं. त्याने सेन्सर आणि मीटर बाकावर ठेवले. "हे तुम्हाला."

"मले काहून? मी तं नकटा झालो."

"मीही झालो ना, रामटेकला," ओमप्रकाश म्हणाला. मग जरा घुटमळून, "एक अडचण आहे. इथल्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. तिकडच्या पेट्रोलात नसतं. शिशाने हा हळूहळू मरतो. दोन महिने चालेल. फार तर अडीच."

"आमचं पेट्रोल त्याले पचत नाई म्हना की."

"नाही पचत."

"पाणी बी उकळून देऊन पाह्यलं असतं," शालिकराम म्हणाला. दोघेही हसले. त्या आठवड्यातलं ते त्याचं पहिलं हसू.

म्हणजे हातात दोन महिने होते. चाळीसएक गाड्या चुकीच्या सेटिंगवर फिरत होत्या. प्रत्येक गाडीच्या नळीला भोक पाडणं शक्य नव्हतं. जज्जसाहेबांच्या गाडीला भोक पाडायला जाणार कोण? दोन दिवस शालिकराम बाकावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी गोपिका डबा घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "इकडे ये वं. जरा हे हुंग."

"काय?"

"सायलेन्सर."

गोपिकाने त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने ब्रशात तोंड घातलं. "माझ्या सात पिढ्यांत कोणी गाडीचा धूर हुंगला नाई," ती म्हणाली.

"माह्या सात पिढ्यांनी तरी कुठी हुंगला होता?"

भैयाजींनी मॉरिस रोज सकाळी पाठवायचं कबूल केलं. जावयाचा प्रयोग आहे एवढं सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. गोपिकाच्या अटी होत्या. नळीपासून दोन हात लांब उभी राहीन, एका वेळी दोन श्वास घेईन, अन् भाजीत मीठ कमी की जास्त हे यापुढे मले कोणी सांगायचं नाही. शालिकरामने सगळ्या मान्य केल्या. तो पुढे बॉनेटखाली नट फिरवायचा, तिला दिसणार नाही असा. ती मागे उभी राहून सांगायची. तो मीटर पाहायचा. पहिल्या आठवड्यात ती निम्म्या वेळा चुकली. तिची भाषाही वेगळी होती. "आज आंबूस हाय." "हे कोरडं हाय, तव्यासारखं." "हे नाकात जाऊन बसते." शालिकरामने प्रत्येक शब्दासमोर आकडा लिहून ठेवला. तिसऱ्या आठवड्यात ती क्वचितच चुकायची. चौथ्यात 'कोरडं' आणि 'तव्यासारखं' यांच्यात तिने फरक केला आणि मीटरवरही तो दिसला.

आळीत चर्चा झालीच. बायको गॅरेजात, तीही सायलेन्सरमागे! पलीकडच्या गॅरेजवाल्याने मला विचारलं, "मिस्त्रीची बायको काय करून राह्यली?" मी म्हटलं, "डॉक्टरी." त्याने मान डोलावली आणि पुढे हेच सगळ्यांना सांगितलं.

मग शालिकरामने जुन्या गिऱ्हाइकांना बोलावणं धाडलं. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. एकाला म्हणाला, थंडीत हवा बदलते. दुसऱ्याला म्हणाला, पेट्रोल बदललं. एका वकिलाला म्हणाला, नवा नियम निघाला. वकिलाने कोणत्या कलमाखाली हेही विचारलं नाही. गोपिका बाजूला उभी राहून हवा खाल्ल्यासारखं करायची आणि पदराआडून बोटाने खूण करायची. एक बोट म्हणजे एक बाजू. गाड्या सुधारत गेल्या आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. एक प्राध्यापक तर तक्रार घेऊन परत आला की गाडीला पूर्वीसारखा वास येत नाही.

जज्जसाहेबांपुढे मात्र ते जमलं नाही. मनोहरराव त्यांचं नाव. त्यांनी बोटांची खूण पाहिली. "शालिकराम, ह्या बाई काय करताहेत?"

शालिकरामच्या हातातला पाना थांबला. "साहेब, माहं नाक गेलं. आता हे हुंगते."

"केव्हा गेलं?"

"तीनएक वर्सं झाले."

"मग मागच्या वर्षी माझ्या गाडीमागे बसून तुम्ही काय करत होतात?"

"काही नाई साहेब. बसत होतो."

मला वाटलं, आता जज्जसाहेब शिक्षा सुनावतात. मग ते हळूच म्हणाले, "कोर्टातली शेवटची दोन वर्षं मला एका कानाने ऐकू येत नव्हतं. मीही बसतच होतो." आणि गोपिकाकडे वळून, "बाई, पाहा तुम्ही. बोटं नकोत, तोंडाने सांगा."

त्या दिवसापासून गोपिका तोंडाने सांगू लागली, आणि चांगली खणखणीत सांगू लागली. शालिकरामनेही पुढे कोणाला थंडीची हवा सांगितली नाही.

होळीच्या सुमारास एका सकाळी गोपिका म्हणाली, "जास्त हाय." मीटर म्हणालं, कमी आहे. शालिकरामने प्लग काढून पाहिला. काळाकुट्ट. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मीटरवरचा आकडा हलेनासा झाला. पेट्रोल वाढवा, कमी करा, त्याला कशाचंच सोयरसुतक उरलं नाही. शालिकरामने सेन्सर काढला. टोकावर राखेसारखा थर बसला होता. त्या भोकात त्याने एक जुना जाड प्लग फिरवून बसवला आणि भैयाजींना गाडी परत दिली. ओमप्रकाशला माझ्याकडून पत्र लिहून घेतलं: यंत्र वारलं, अडीच महिने पुरले, त्याचं काम घरच्या माणसाकडे आहे. उत्तर आलं, त्यात गोपिकासाठी पंचवीस प्रश्न होते. तिने दोनांची उत्तरं दिली आणि म्हणाली, बाकीचं त्याच्या बायकोले विचार म्हणा, तिले समजते.

पुढची सात-आठ वर्षं गॅरेज असंच चाललं. शालिकराम कानाने इंजिन बघायचा, गोपिका नाकाने धूर. ती रोज दोनच तास यायची आणि पाचच गाड्या बघायची, कारण एका माणसाचं नाक कसं गेलं ते तिने पाहिलं होतं. सहाव्या गाडीसाठी मंत्र्याचा माणूस आला तरी ती डबा उचलून घरी जायची.

एकदा दुपारी एक नवा साहेब आला. वडिलांची जुनी गाडी, कडक इस्त्रीचे कपडे. आत शालिकराम भाकरी मोडत होता. बाकावर फक्त गोपिका.

"इथे माणूस कोणी नाही का?" साहेबाने विचारलं.

"माणूस जेवून राह्यला," गोपिका म्हणाली. "तुम्ही गाडी चालू करा, अन् त्या तिकडे जाऊन उभे राहा. तुमच्या अत्तराचाच वास येऊन राह्यला मले."